क्रोमखालचे ॲल्युमिनियम

मोटारीच्या ॲल्युमिनियमच्या चाकावरील जुना क्रोमचा मुलामा उतरविण्याच्या कामात क्रोम काढणे हाच अवघड भाग असेल अशी समजूत सहज होते. वस्तुतः क्रोमचा थर हा त्या कामातील अतिशय पातळ आणि लवकर जाणारा भाग असतो. त्याची जाडी बहुधा अर्ध्या मायक्रॉनहून कमी, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकीही नसते, आणि ज्या झळाळीसाठी गिऱ्हाईक पैसे मोजते ती मुख्यतः खालच्या निकेलची असते. क्रोम त्या निकेलला काळवंडू देत नाही आणि त्याच्या पिवळसर छटेवर आपली निळसर छटा चढवितो, एवढेच.

व्होक्लँ या फ्रेंच रसायनज्ञाला क्रोमियमचा शोध १७९७ च्या सुमारास लागला. ओतीव ॲल्युमिनियमची चाके बुगाटीच्या 'टाइप ३५' या शर्यतीच्या मोटारीला १९२४ मध्ये बसली, आणि क्रोमच्या मुलाम्याचा धंदाही त्याच दशकात उभा राहिला. हे दोन्ही एकत्र आणणे मात्र सोपे नव्हते. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो आणि त्या पापुद्र्यावर दुसरा धातू चिकटत नाही. म्हणून चाक आधी जस्ताच्या अल्कधर्मी द्रावणात बुडवून त्यावर जस्ताचा पातळ थर बसवितात (या प्रक्रियेला झिंकेट म्हणतात), त्यावर तांबे, तांब्यावर बहुधा निकेलचे दोन थर आणि शेवटी क्रोम चढवितात. मुलामा उतरवायचा म्हणजे ही सगळी उतरंड उलट्या क्रमाने मोकळी करायची.

असा मुलामा खराब होतो तो खालून. खड्याने टवका उडाला की तेथून पाणी आत शिरते. निकेल आणि ॲल्युमिनियम हे विजातीय धातू पाण्यातील क्षारांच्या साक्षीने विद्युतघटासारखे वागू लागतात आणि त्या जोडीत झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमवर येते. त्याची पांढरी भुकटी फुगते आणि वरचा मुलामा पोपड्यासारखा उचलला जातो. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे क्रोमच्या चाकांची ही दुर्दशा तेथे विशेष दिसते. गंज रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तेथपर्यंत पोहोचला, तर टायरमधील हवाही हळूहळू निसटू लागते.

पोलादावरील क्रोम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात वीज सोडून उतरविता येतो, पण तोच सोडा ॲल्युमिनियम खातो, त्यामुळे तो मार्ग येथे बंद होतो. म्हणून क्रोमसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात: बुडबुडे येतात, थोड्याच वेळात क्रोम विरघळतो आणि निकेलचा पिवळसर रंग उघडा पडतो. तो दिसताच चाक बाहेर काढावे लागते, कारण हे आम्लही उघड्या ॲल्युमिनियमवर तुटून पडते, आणि जुन्या चाकात पोपड्यांखाली उघडे ॲल्युमिनियम असतेच.

या कारागिरीचे खरे मर्म पुढच्या टाकीत, तीव्र नायट्रिक आम्लात आहे. हे आम्ल निकेल आणि तांबे विरघळविते. ॲल्युमिनियमवर मात्र ते स्वतःच ऑक्साइडचे कवच घट्ट करते, आणि कवच टिकले तोवर धातू जवळजवळ सुरक्षित राहतो. ज्या पापुद्र्याने मुलामा चढविताना अडवणूक केली तोच आता राखणदार होतो, ही या प्रक्रियेतील सर्वांत मोहक गोष्ट म्हणावी लागेल. हे संरक्षण पाण्याने मात्र ढळते. आम्ल पातळ झाले की ॲल्युमिनियम अधिक वेगाने झिजते, म्हणून चाक पूर्ण कोरडे करूनच टाकीत सोडावे लागते. शिवाय धातू विरघळण्याच्या क्रियेतच पाणी तयार होते, त्यामुळे प्रत्येक चाकागणिक टाकी आपोआप पातळ होत जाते. आधीच्या आम्लातील क्लोराइड धुवायचे राहिले तर कवच ठिकठिकाणी फुटते आणि तेथे खड्डे पडतात.

दुसरी रीत विजेची आहे. दाट गंधकाम्लात चाक धनाग्र, म्हणजे धन ध्रुव, करून टांगतात. मुलाम्याचे थर विरघळत जातात, आणि ॲल्युमिनियम उघडे पडले की त्यावर ऑक्साइड जमून वीजप्रवाह उतरतो. ॲमीटरचा काटा खाली आला की काम संपत आल्याचे कळते. कारागिराला इतकी स्पष्ट खूण देणारी रीत अधिक भरवशाची वाटते. मात्र येथे विरघळणारा क्रोम षट्संयुजी, म्हणजे कर्करोगकारक रूपात द्रावणात उतरतो.

अडचणी येथून वाढतच जातात. मुलामा चढविताना वीज कडांवर अधिक आणि कोपऱ्यांत कमी पोहोचलेली असते, त्यामुळे आऱ्यांच्या खाचांतील पातळ निकेल आधी संपते आणि कडांवरचे जाड निकेल जाईपर्यंत त्या खाचा आम्लातच राहतात. चाकांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ए-३५६ या मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन असते. ते नायट्रिक आम्लात विरघळत नाही आणि काळसर काजळी होऊन पृष्ठभागावर उरते. ती काढायला हायड्रोफ्लोरिक आम्लयुक्त द्रावण लागते, आणि ते आम्ल कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते. नायट्रिकच्या टाकीतून निघणारा तपकिरी धूर, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, याहून फसवा असतो: तो छातीत गेल्यावर माणूस काही तास ठीक दिसतो आणि मग फुप्फुसांत पाणी भरते. वापरून झालेल्या द्रावणात निकेल, तांबे आणि क्रोम असतात, त्यामुळे त्याला गटार दाखविता येत नाही. भारतात अशा अवशेषांना २०१६ चे घातक कचरा नियम लागू होतात आणि महाराष्ट्रात तळोजा व रांजणगाव येथे त्यांच्या विल्हेवाटीची केंद्रे आहेत.

एवढे करून हाती येणारे चाक नव्यासारखे असेलच असेही नाही. आऱ्यावर उरलेला खोल खड्डा घासून दिसेनासा होतो, पण धातू तेवढा कमी होतो, आणि फिरत्या भाराखाली तडा अशाच जागी सुरू होतो. मुलामा उतरलेल्या चाकाला पुढे पावडर कोटिंग करायचे, तर त्याच्या भट्टीचे तापमान बहुधा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ज्या सुमारे १५५ अंशांवर ओतीव चाकाला शेवटची बळकटी दिलेली असते त्याहून हे अधिक असल्याने भट्टीतला वेळ मोजूनमापून द्यावा लागतो. या सगळ्या धोक्यांमुळे घरच्या अंगणात बादलीभर आम्लावर हा प्रयोग कोणी करू नये. काम टाक्या, धुराचे नळ आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कारखान्याकडेच द्यावे, आणि आऱ्यावर किंवा टायरच्या बैठकीवर गंज खोल गेला असेल तर ते चाक भंगारात द्यावे, जरी निकेल-तांब्याच्या भेसळीमुळे क्रोमच्या चाकाला भंगारातही साध्या ॲल्युमिनियमच्या चाकापेक्षा कमी भाव मिळतो.