वस्त्रशुद्धीसाठी रिठा व हिंगणबेट : गुण, मर्यादा आणि आपली जबाबदारी

"डॉक्टरसाहेब, पावडर बदलून पाहिली, पण हातांची आग काही जात नाही," ही तक्रार बीड जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास नवी नाही. बोटांच्या बेचक्यांतील त्वचा कोरडी पडलेली, तळहातास भेगा, घरी बोअरचे जड पाणी आणि त्यात मूठभर धुण्याची पावडर. ऊसतोडीवरून आलेल्या भगिनींच्या हातांवर तर कोयत्याच्या व पाचटाच्या ओरखड्यांवरच तो सोडा लागलेला असतो. अशा वेळी आपण लेप व तेल देतो आणि जाता जाता सांगतो, "कपडे रिठ्याने धूत जा." हा सल्ला कितपत योग्य आहे, तो कोणास द्यावा आणि औषधालयाने रिठा विकताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

परंपरेचा आधार

वस्त्राच्या प्रकारानुसार शोधनद्रव्य निवडावे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातील द्रव्यशुद्धी प्रकरणात लोकरी व रेशमी वस्त्रांसाठी खारी माती, पाणी व गोमूत्र, तलम वस्त्रांसाठी बेलफळ, कांबळ्यांसाठी अरिष्टक म्हणजे रिठा आणि क्षौम वस्त्रांसाठी पांढरी मोहरी सांगितली आहे. सर्व वस्त्रांस एकच द्रव्य सांगितलेले नाही, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकच पावडर सर्व कपड्यांस वापरण्याची सवय आपल्याकडे अलीकडची. सर्फ १९५९ मध्ये व निरमा १९६९ मध्ये बाजारात आल्यानंतर ती घरोघरी रुजली. तोवर परटाची भट्टी, राखेचे पाणी, पापडखार, शिकेकाई व रिठा यांची कामे वाटून दिलेली होती. गोदावरीपलीकडील पैठणची पैठणी असो वा घरातील लोकरी शाल, ती रिठ्याच्या पाण्यातच निघे.

आपल्या जिल्ह्यात बांधावर व गायरानात काटेरी हिंगणाचे झाड आढळते. ग्रंथांतील इंगुदी किंवा तापसतरू तो हाच. त्याच्या फळास, म्हणजे हिंगणबेटास, आज कोणी विचारीत नाही. परंतु त्याचा गरही रेशमी वस्त्रे धुण्यासाठी वापरला जात असे.

कार्य कसे घडते ?

रिठ्याच्या सालीत व हिंगणबेटाच्या गरात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्यास व दुसरा स्निग्धांशास धरून राहतो. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी धाग्यात शिरते आणि मळ सुटून पाण्यात तरंगत राहतो. 'फेनिल' हे रिठ्याचे पर्यायनाम याच गुणावरून पडले आहे.

बीड जिल्ह्याचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यातून येणाऱ्या विहिरीच्या व बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. साध्या साबणाचा त्यांच्याशी संयोग होऊन चोथा बनतो, फेस येत नाही, आणि मग अधिक साबण व अधिक सोडा ओतला जातो. रिठ्याचा असा चोथा होत नाही. शिवाय रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी, तर सोडा व राख तीव्र क्षारधर्मी. रेशीम व लोकर ही प्रथिनांची बनलेली असल्याने क्षाराने ती झिजतात. रिठ्याने तसे होत नाही. सुती कपडा क्षार सोसतो, म्हणूनच परटाची भट्टी सुती कपड्यांना मानवत असे.

करावयाची कृती

बी काढलेली १० ते १२ रिठ्यांची साल एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी १० ते १५ मिनिटे उकळून, निवल्यावर कुस्करून दुहेरी फडक्यातून गाळावी. बादलीभर कोमट पाण्यास या द्रावाचा एक पेला पुरतो. कपडे अर्धा तास भिजवून हलक्या हाताने चोळावेत व दोन पाण्यांतून काढावेत. हा काढा लवकर आंबतो. उन्हाळ्यात दोन दिवसांत संपवावा. हिंगणबेटाच्या गरात साखर बरीच असते, म्हणून त्याचे पाणी अधिक काळजीपूर्वक गाळावे व वस्त्र पुरेसे खंगाळावे, अन्यथा कापड चिकट राहते.

मर्यादा स्पष्ट सांगाव्यात

पहिली गोष्ट, ग्रीस, वंगण, उसाची काजळी व मुरलेले तेलकट डाग रिठ्याने पुरेसे निघत नाहीत. पांढऱ्या कपड्यांस पावडरीतील रंजकांमुळे जी चमक येते ती येथे येणार नाही. उलट काढ्याचा तपकिरी रंग पांढऱ्यावर चढू शकतो. रिठा रेशीम, लोकर, रंगीत सुती व अल्प मळलेले कपडे यांसाठी उत्तम. शेतातील कपड्यांसाठी मोजकी पावडर वापरण्यास आपण मज्जाव करू नये.

दुसरी गोष्ट, रिठ्याने कपडे जंतुविरहित होत नाहीत. बाळाचे लंगोट व मासिक पाळीचे कापड कडक उन्हात पूर्ण वाळविलेच पाहिजे. खरजेच्या रुग्णाचे कपडे व अंथरूण ५० अंश सेल्सिअसहून अधिक गरम पाण्यात किमान १० मिनिटे राहिले पाहिजेत. तेथे केवळ रिठ्यावर विसंबणे म्हणजे घरभर खरूज पसरू देणे होय.

तिसरी गोष्ट, रिठा हे लघु, तीक्ष्ण व उष्णवीर्य द्रव्य आहे. वामक म्हणून व नस्यासाठी त्याची योजना आपणच करतो. जे द्रव्य कपड्यातील स्नेह काढते ते त्वचेतील स्नेहही काढणारच. हातास भेगा पडलेल्या रुग्णेने रिठ्याच्या पाण्यातही तासभर हात ठेवल्यास त्रास वाढेल. म्हणून सल्ला देताना रबरी हातमोजे, धुण्यापूर्वी व नंतर खोबरेल तेल आणि कपडे ढवळण्यास लाकडी दांडा, हेही सांगावे. द्राव डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो. डोळे त्वरित भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. काढा सरबताच्या बाटलीत भरून मुलांच्या हाताशी ठेवू नये.

चौथी गोष्ट पाण्याची. टंचाईच्या दिवसांत कपडे धुतलेले पाणी परसातील झाडांना घातले जाते. सोड्याच्या पाण्यातील सोडियमने जमीन चोपण होते. रिठ्याच्या पाण्यात ही भीती नाही. तथापि सॅपोनिन माशांना विषारी आहे. रिठ्याने किंवा हिंगणबेटाने धुतलेले पाणी तळ्यात, ओढ्याच्या डोहात अथवा शेततळ्यात सोडू नये.

औषधालयांच्या मालकांसाठी

रिठ्याच्या चूर्णास मागणी वाढली आहे. परंतु ज्या यंत्रात आपण त्रिफळा वा सितोपलादी दळतो, त्याच यंत्रात रिठा दळून केवळ झाडून घेणे हा गंभीर दोष होय. राहिलेला अंश पोटात गेल्यास मळमळ व वमन होते आणि दोष मात्र औषधास लागतो. रिठ्यासाठी यंत्र स्वतंत्र असावे. त्याची धूळ नाकाडोळ्यांस झोंबते, सबब कामगारांस नाकतोंडावर फडके व डोळ्यांस चष्मा द्यावा. शक्य तेथे चूर्णाऐवजी बी काढलेली सुकी फळेच विकावीत; ती टिकतात व भेसळ झाकत नाहीत.

'हर्बल' म्हणून येणाऱ्या धुण्याच्या चूर्णांत सोडा मिसळला आहे काय, हे दुकानातच पाहता येते. चिमूटभर चूर्ण पाण्यात कालवून त्यात हळद टाकावी. हळद लाल झाली तर क्षार आहे. लिंबू पिळल्यावर बुडबुडे उसळले तर सोड्याचा संशय पक्का. शुद्ध रिठ्यात हळद पिवळीच राहते. पाकिटावर 'केवळ बाह्य उपयोगासाठी, डोळ्यांपासून दूर ठेवा' असे ठळक छापावे आणि इसब बरे होण्याचा दावा मुळीच करू नये. हे धुण्याचे द्रव्य आहे, औषध नव्हे. घाऊक मागणी नोंदविताना 'अरिष्ट' असे न लिहिता 'रिठा' असेच लिहावे. निघंटूंत अरिष्ट हे नाव निंबासही आहे.

रोग, रोगी व काळ पाहून आपण द्रव्य निवडतो. वस्त्र, पाणी व धुणाऱ्याचे हात पाहून शोधनद्रव्य निवडणे हा त्याच शिस्तीचा भाग होय. वनस्पतीचे आहे म्हणून निरुपद्रवी, असे म्हणणारा वैद्य आपल्याच द्रव्यगुणशास्त्रास विसरतो. परळीच्या वैद्यनाथाच्या जिल्ह्यात तरी हा विसर पडू नये, एवढीच आमची सर्व सभासद बंधुभगिनींना विनंती.