विश्लेषण : सलग पाच ऑलिम्पिक सुवर्णपदके… क्युबाच्या मिहाईन लोपेझने हे कसे साधले?

पॅरिसमध्ये ६ ऑगस्ट २०२४ रोजी १३० किलो गटाची अंतिम लढत ६-० अशी जिंकल्यावर क्युबाचा मिहाईन लोपेझ मॅटच्या मधोमध बसला, पायातले बूट काढले आणि ते तिथेच ठेवून निघाला. कुस्तीत हा निवृत्तीचा संकेत. ४२ वर्षे पूर्ण व्हायला त्याला दोन आठवडे उरले होते. ऑलिम्पिकमध्ये एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाच सुवर्णपदके यापूर्वी कुणालाच जमली नव्हती. कार्ल लुइस, मायकल फेल्प्स, जपानची कुस्तीगीर काओरी इचो, सारे चारवर थांबले.

ग्रीको-रोमन कुस्ती वेगळी कशी?

या प्रकारात कमरेखाली पकड चालत नाही आणि डावासाठी पाय वापरता येत नाहीत. म्हणजे आपल्या तालमीत शिकवले जाणारे पट काढणे, टांग मारणे हे सगळे बाद. उरते ते छातीला छाती भिडवून रेटणे आणि उचलून फेकणे. जो मल्ल निष्क्रिय ठरतो त्याला मॅटवर पालथे व्हावे लागते. प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतोच, शिवाय त्याला उलथवण्याची संधीही. सव्वाशे किलोचा माणूस मॅटला चिकटून पडलेला असताना त्याला उचलणे ही लोपेझची खासियत. भारताची कुस्तीतील सर्व ऑलिम्पिक पदके मात्र फ्रीस्टाइलमधलीच आहेत.

तो अजिंक्य होता का?

नाही. २००४ मध्ये अथेन्सला तो उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या खासान बारोयेवकडून हरला. चार वर्षांनी बीजिंगच्या अंतिम फेरीत त्यालाच हरवून त्याने पहिले सुवर्ण जिंकले. तुर्कियेच्या रिझा कायाल्पने २०११ आणि २०१५ च्या जागतिक अंतिम लढतींत त्याला नमवले होते. पण ऑलिम्पिकमध्ये हिशेब उलटा. रिओच्या अंतिम लढतीत लोपेझ ६-० ने जिंकला, टोक्योत उपांत्य फेरीत २-० ने. टोक्योत तर त्याने संपूर्ण स्पर्धेत एकही गुण दिला नाही. त्यानंतर तो थेट पॅरिसलाच मॅटवर उतरला. तीन वर्षे एकही स्पर्धा न खेळता! तिथे त्याने तेव्हाचा जगज्जेता, इराणचा अमीन मिर्झाझादे यालाही हरवले.

अंतिम लढतीत समोर कोण होते?

यास्मानी अकोस्ता. तोही मूळचा क्युबाचा आणि लोपेझचा सरावातला साथीदार. एका देशाला एका वजनगटात एकच जागा मिळते, आणि क्युबाची ती जागा लोपेझने २००४ पासून अडवलेली. २०१५ मध्ये चिलीत स्पर्धेसाठी गेलेला अकोस्ता परतलाच नाही. तिथे सुरक्षारक्षकाची नोकरी करत तो सराव करीत राहिला आणि पुढे चिलीचा नागरिक झाला. ज्याच्यामुळे देश सोडला, तोच नऊ वर्षांनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पुन्हा आडवा आला. अकोस्ताला रौप्य मिळाले. चिलीचे कुस्तीतील ते पहिलेच ऑलिम्पिक पदक.