न पाहिलेल्या झाडाकडे

परदेशी पक्षी हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर येतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांपैकी पुष्कळांनी ती वाट आदल्या वर्षी पाहिलेली असते. उत्तर अमेरिकेतील मोनार्क फुलपाखराची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि प्राणिशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला तिचेच अधिक नवल वाटते.

मोनार्कची मादी अंडी घालते ती ‘मिल्कवीड’ या रानझुडपावर. आपल्या माळावरची रुई याच कुळातली. पान तोडले की पांढरा चीक येतो. चार-पाच दिवसांत अंड्यातून निघालेला सुरवंट सुमारे दोन आठवडे केवळ हीच पाने खातो. पानांतले विष त्याच्या अंगात साठते व फुलपाखरू झाल्यावरही टिकते. एकदा ओकारी झालेला पक्षी सहसा पुन्हा मोनार्कच्या वाटेला जात नाही. मग दहा-चौदा दिवस हिरव्या कोशात, आणि शेवटी काळ्या शिरांचे केशरी फुलपाखरू!

उन्हाळ्यात जन्मलेले फुलपाखरू जेमतेम दोन ते सहा आठवडे जगते. उन्हाळा सरताना जन्मलेली पिढी मात्र आठ-नऊ महिने जगते. कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागातून निघून, कधी ४,००० किलोमीटरांहून अधिक उडून, नोव्हेंबरच्या सुमारास ती मेक्सिकोतील सुमारे ३,००० मीटर उंचीवरच्या ओयामेल वृक्षांवर उतरते. वसंतात ती उत्तरेकडे वळते आणि वाटेत अंडी घालून मरते. पुढचा प्रवास मुले-नातवंडे करतात. शरदात त्याच वृक्षांकडे निघतात ती पणतवंडे. सूर्य त्यांना दिशा दाखवतो, आणि सूर्य सरकला तरी दिशा चुकू नये म्हणून लागणारे घड्याळ त्यांच्या स्पर्शिकांत असते.

टोरोंटोचे फ्रेड अर्कहार्ट व त्यांच्या पत्नी नोरा यांनी पंखांना चिठ्ठ्या चिकटवून कित्येक वर्षे या वाटेचा माग काढला. १९७५ च्या जानेवारीत त्यांचे साहाय्यक केन ब्रगर व कॅटालिना अग्वादो त्या वृक्षांपाशी पोहोचले. तेथील खेडुतांना ही फुलपाखरे अर्थातच पूर्वापार परिचित होती.

ही फुलपाखरे झाडांवर इतकी दाटतात की, गणती त्यांनी व्यापलेल्या रानावरून करतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते क्षेत्र १८ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये ०.६७, तर २०२४-२५ मध्ये १.७९ हेक्टर. मेक्सिकोतील वृक्षतोड व बदलते हवामान ही कारणे आहेतच. पण एक मोठे कारण दूर उत्तरेच्या शेतांत आहे. १९९६ पासून तेथे तणनाशकाने न मरणारे सोयाबीन, पुढे तसाच मका आला. पिकाला धक्का न लागता बाकीचे तण मारता येऊ लागले आणि शेतांतले मिल्कवीड जवळजवळ नाहीसे झाले.

शेतकऱ्याने भांगलण करू नये, असे कोण म्हणेल? पण हाताने वा अवजाराने तण काढले तरी थोडे मिल्कवीड उरत असे, आणि त्या उरलेल्यावरच एक पिढी वाढत असे. मेक्सिकोने २००० साली ते रान अधिक कडक संरक्षणाखाली घेतले. हे उत्तमच झाले. पण ज्या प्रवासाला चार पिढ्या लागतात, त्याचा केवळ अखेरचा मुक्काम राखून भागत नाही. मधल्या बांधावरचे, कुणाच्याच कामाचे नसलेले झुडूपही राखावे लागते, असे मला वाटते.