सभागृहातील प्रश्नकर्ते : फिल डॉनह्यू यांचे चरित्र व व्यवसाय

अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा दिवस पुष्कळ वर्षे दोन असमान भागांत वाटलेला होता. सायंकाळी बातम्या, राजकारण व मोठमोठी नाटके दाखवीत. सकाळदुपारच्या वाट्यास बक्षिसांचे खेळ व कौटुंबिक मालिका येत. ह्या मालिकांस मूळ रेडिओच्या काळापासून साबणाचे कारखानदार जाहिरातींच्या रूपाने पैसा पुरवीत, म्हणून त्यांस 'सोप ऑपेरा', म्हणजे साबणाची संगीत नाटके, असे थट्टेचे नाव पडले. दिवसा घरी असणाऱ्या गृहिणींस ह्याहून भारी काही पचावयाचे नाही, अशी चालक मंडळींची समजूत होती. ती ज्याने खोटी ठरविली, त्या गृहस्थाचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस करून द्यावा, असे योजिले आहे.

फिल डॉनह्यू यांचा जन्म ओहायो संस्थानातील क्लीव्हलँड शहरी 21 डिसेंबर 1935 रोजी एका आयरिश कॅथलिक कुटुंबात झाला. वडील सामानसुमानाच्या दुकानात विक्रेते होते. कॅथलिक शाळांत शिक्षण होऊन 1957 साली ते नोत्र दाम विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे लहानसहान रेडिओ केंद्रांत बातमीदारी करीत ते डेटन शहरी आले. तेथे इतका कंटाळा आला की, 1967 साली तो धंदा सोडून काही महिने त्यांनी विक्रेत्याचे कामही पत्करिले! परंतु त्याच वर्षी एका स्थानिक केंद्राने सकाळचा कार्यक्रम चालविण्याविषयी विचारिले, आणि 6 नोव्हेंबर 1967 रोजी 'फिल डॉनह्यू शो' सुरू झाला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मॅडलिन मरे ओहेर ह्या नास्तिक बाईंस पाचारण केले. सरकारी शाळांत बायबलवाचन नको म्हणून बाल्टिमोर येथील ज्या फिर्यादी कुटुंबाचा खटला 1963 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातील आई ती हीच. कॅथलिक वळणात वाढलेल्या यजमानाने अशा पाहुणीपासून आरंभ करावा ह्याचे कोणास नवल वाटेल. आम्हांस त्यात त्यांचे धैर्य दिसते. विरुद्ध मताचे मनुष्य समोर बसवून त्याचे शेवटपर्यंत ऐकून घेणे हे वाटते तितके सोपे नाही.

परंतु खरी युक्ती योजनेने नव्हे, तर योगायोगाने हाती आली. ह्यापूर्वी त्या वेळी करमणुकीचा दुसरा कार्यक्रम होत असे. त्याची प्रवेशपत्रे आगाऊच वाटली गेली होती; म्हणून ते प्रेक्षक नव्या कार्यक्रमासही बसू देण्यात आले. वास्तविक मुलाखतीस प्रेक्षकांचे प्रयोजन नव्हते. पण मध्यंतरी जाहिराती चालू असता त्यांतील स्त्रिया पाहुण्यांस जे प्रश्न विचारीत, ते आपल्या प्रश्नांहून सरस आहेत, हे डॉनह्यूंच्या ध्यानात आले. तेव्हा ते ध्वनिग्राहक हाती घेऊन आसनांच्या रांगांमधून धावू लागले. आज अनेक देशांत निवेदक प्रेक्षकांत फिरताना दिसतो, त्या प्रघाताचा फैलाव येथून झाला. घरबसल्या स्त्रियांस दूरध्वनीवरूनही प्रश्न विचारता येत. वाद्यवृंद नाही, विनोदी चुटके नाहीत. बहुधा एकच विषय, एक तास.

1974 साली कार्यक्रम शिकागोस व 1985 साली न्यूयॉर्कला गेला. स्त्रियांचे हक्क, युद्ध, वर्णद्वेष, एड्ससारखा तेव्हा नवा असलेला रोग, असे विषय दिवसाढवळ्या घरोघरी बोलले जाऊ लागले. 1985 सालीच सोव्हिएत पत्रकार व्लादिमीर पोझ्नर यांच्या साहाय्याने त्यांनी उपग्रहाच्या द्वारे सिॲटल व लेनिनग्राड येथील सामान्य नागरिकांस समोरासमोर आणिले. दोन्ही राष्ट्रे एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसली असता त्यांच्या नागरिकांनी परस्परांस रोखठोक प्रश्न विचारावे, हा प्रसंग लहान नव्हे.

ह्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओप्रा विन्फ्री 1984 साली शिकागोत आल्या आणि थोड्याच दिवसांत त्या शहरी डॉनह्यूंच्या पुढे गेल्या. (डॉनह्यू नसते तर आपणही नसतो, असे त्यांनीच पुढे मोकळ्या मनाने कबूल केले आहे.) त्यामागून भडक व भांडखोर कार्यक्रमांची रीघ लागली, आणि त्या चढाओढीत डॉनह्यूंचाही तोल कधी कधी गेला. 1994 साली एका कैद्यास देहान्त शिक्षा देतानाचे दृश्य प्रसारित करण्याची परवानगी मिळावी म्हणून ते न्यायालयात गेले. परवानगी मिळाली नाही. लोकांनी शिक्षेचे खरे स्वरूप पाहावे, हा त्यांचा युक्तिवाद. तथापि मनुष्याचे मरण दुपारच्या करमणुकीत मोडावे, हे आम्हांस पटत नाही. त्याआधी 1992 साली अध्यक्षपदाचे उमेदवार बिल क्लिंटन यांस ते खाजगी आयुष्याविषयी एकसारखे टोचीत असता, प्रेक्षकांतील एका तरुण स्त्रीने उठून डॉनह्यूंसच खडसाविले, व सभागृहाने टाळ्या वाजविल्या. ती क्लिंटन यांच्या विरुद्ध पक्षाची होती! बोलण्याचा जो अधिकार त्यांनी प्रेक्षकांस दिला होता, तो असा त्यांच्यावरच उलटला.

सहा हजारांहून अधिक भाग झाल्यावर 1996 साली कार्यक्रम थांबला. 2002 च्या जुलैत एका वृत्तवाहिनीवर ते परत आले. इराकवरील स्वारीचे वारे वाहत होते आणि डॉनह्यू युद्धास विरोध करणाऱ्यांस बोलावीत. फेब्रुवारी 2003 मध्ये कार्यक्रम बंद करण्यात आला. त्या वाहिनीवर सर्वांत अधिक पाहिला जाणारा तोच होता. युद्धकाळी हा मनुष्य वाहिनीस अडचणीचा ठरेल, अशा आशयाचा आतील अहवाल मागाहून बाहेर फुटला. त्यांनी हाय खाल्ली नाही. त्याच युद्धात जखमी होऊन अपंग झालेल्या एका तरुण शिपायाच्या जीवनावर त्यांनी 2007 साली एलन स्पायरो यांच्यासमवेत 'बॉडी ऑफ वॉर' हा बोलपट काढिला.

मे 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्यांस 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा बहुमान दिला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 18 ऑगस्ट रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या पत्नी, सुप्रसिद्ध नटी मार्लो थॉमस, त्यांच्या कार्यक्रमात पाहुण्या म्हणून आल्या असताच त्यांचा परिचय वाढला होता. 1980 साली झालेला तो विवाह चव्वेचाळीस वर्षे टिकला.