भाकरी नको, चटणीवरचं तेल मोजा

वजन कमी करायचं ठरलं की औशातल्या घरात पहिली कुऱ्हाड भाकरीवर पडते. दोनाची एक होते, सोबतची चटणी मात्र तशीच राहते. हिशेब चुकतो तो इथेच.

साधारण 60 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे 200 कॅलरी मिळतात. पानात 20 ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी वाढली, बोटानं खळगा करून त्यात चहाचे दोन चमचे तेल ओतलं, की चटणीच्याही जवळपास तेवढ्याच कॅलरी होतात. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅममागे 4 कॅलरी देतात, तेल-तूप 9. दिवसाचे चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आणखी 160. हे कुणी जेवणात धरतच नाही.

आता खर्चाची बाजू. बहुतेकांच्या बाबतीत दिवसाच्या ऊर्जेचा 60 ते 70 टक्के भाग हृदय, मेंदू, यकृत, श्वास यांवरच जातो. अन्न पचवायला सुमारे 10 टक्के लागतात आणि उरलेली हालचालीवर खर्च होते. 70 किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला, तर जेमतेम 120 कॅलरी खर्ची पडतात. चालणं हृदयाला, रक्तातल्या साखरेला, झोपेला फार मोलाचं आहे. पण चालून आल्यावर खाल्लेली दोन भजी तो खर्च भरून काढतात.

किलोभर चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. रोज 300 कॅलरींची तूट ठेवली, तर सुरुवातीला महिन्याला किलोभर वजन उतरतं. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्यानं खाली येतो, त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी होतो. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी 2011 मध्ये हे गणितानं मांडलं. तेव्हा काटा अडला म्हणून उपाशी राहू नका. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून तुरीचं वरण, मटकीची उसळ, ताक ताटातून काढू नका.

आपल्याकडे स्नायू जपणं जास्तच गरजेचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, 22.3 होता. चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के, तर युडकिन यांच्या 9.1 टक्के निघाली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2004 साली छापून आलेली ही तुलना जगभर गाजली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते. म्हणून काट्याबरोबर कंबरेलाही टेप लावा: पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी.

खाल्ल्याची नोंदही प्रामाणिक हवी. 1992 च्या एका अमेरिकी अभ्यासात, 'कमी खाऊनही वजन उतरत नाही' म्हणणारी माणसं आपल्या खाण्यातलं जवळपास निम्मं सांगतच नव्हती. ती खोटं बोलत नव्हती, त्यांच्या ते लक्षातच राहत नव्हतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तूट ठेवूच नये. बाकीच्यांनी आजपासून आठवडाभर वहीत सगळं लिहावं, चहाची साखर आणि चटणीवरचं तेलही. कुठे कापायचं ते वहीच सांगेल.