उकडलेल्या शेंगा : एका अनुक्त द्रव्याचा विचार

अम्लपित्त असो, मुखदूषिका असो वा अर्श, पथ्याच्या चिठ्ठीवर ‘शेंगदाणे बंद’ हे दोन शब्द हमखास आढळतात. ज्या घरात दूध विकत घेणे परवडत नाही, त्या घरातील कष्टकरी रुग्णाला याची किंमत मोजावी लागते. वाळलेल्या दाण्यात वजनाने सुमारे चतुर्थांश प्रथिन व जवळजवळ निम्मे तेल असते. एवढे पोषक आणि स्वस्त अन्न सरसकट तोडण्यापूर्वी त्याचा शास्त्रीय विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला; बृहत्त्रयीत त्याचा उल्लेख नाही. तथापि सर्व द्रव्ये नामनिर्देशाने सांगणे अशक्य आहे, अनुक्त द्रव्याविषयी त्या त्या देशातील लोकांचे म्हणणे लक्षात घ्यावे, असे चरकाचार्यांनी अन्नपानविधी अध्यायाच्या शेवटी सुचविलेच आहे. दाणा चवीला मधुर, मागाहून किंचित कषाय, स्निग्ध व पचावयास गुरू आहे, हे अनुभवावरून कोणीही मान्य करील.

मात्र द्रव्य एक असले तरी करण निराळे. खरपूस भाजलेला दाणा, तिखटमिठात तळलेला दाणा आणि पाण्यात शिजलेला दाणा यांना एकच पथ्यापथ्य लावणे आहारविधीच्या अष्ट आयतनांशी विसंगत ठरते. उकडलेला दाणा मऊ असतो, त्यात वरून तेल पडत नाही, आणि टरफल सोलून एकेक खावा लागत असल्याने राशीला आपोआप आळा बसतो. (मुठीने तोंडात टाकण्याची सोय नसणे हाही एक गुणच!)

खरीपाच्या ओल्या शेंगा भाद्रपद-आश्विनात बाजारात येतात. १ किलो शेंगा तीन-चार पाण्यांनी, माती सुटेपर्यंत चोळून धुवाव्यात. फुटक्या, काळ्या, बुरशी आलेल्या निवडून टाकाव्यात. कुकरमध्ये शेंगा बुडतील एवढे पाणी, २ चमचे मीठ, अर्धा चमचा हळद, थोडा ओवा व ठेचलेल्या आल्याचा तुकडा घालावा. शेंगा तरंगतात, म्हणून वर ताटली दाबून ठेवावी. तीन-चार शिट्या झाल्या की गॅस बंद करून अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्याव्यात. मीठमसाला दाण्यापर्यंत याच वेळात पोचतो. वाळल्या शेंगा असल्यास रात्रभर भिजवून दुप्पट वेळ शिजवाव्यात.

सोललेल्या दाण्यांना चमचाभर तेलात जिरे, हिंग, कढीपत्त्याची फोडणी देऊन वर लिंबू, कोथिंबीर घातली की उत्तम न्याहारी होते. तमिळनाडूत नवरात्रात होणारे सुंडल याच जातीचे. येथे एक सावधगिरी हवी : ओल्या शेंगांचा हंगाम आणि शरदातील पित्तप्रकोप एकाच सुमारास येतात. पित्तप्रकृतीच्या व्यक्तीसाठी ओवा, आले, हिरवी मिरची वगळून धने-जिरे वापरावे, आणि दुपारी, अग्नी चांगला असताना, एक लहान वाटी पुरे. रक्तदाबाच्या रुग्णासाठी मिठाविना उकडून लिंबू पिळावे. साम अवस्थेत, मंदाग्नीत मात्र नकोच.

दोन बाबतींत तडजोड नाही. दाणे खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा धाप लागते, त्यांना उकडलेलेही देऊ नयेत. ‘थोडे थोडे देऊन पाहू’ हा प्रयोग प्राणावर बेतू शकतो. असा त्रास सुरू झालेला रुग्ण तत्काळ रुग्णालयात पाठवावा. दुसरी बाब बुरशीची. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीमुळे लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. हे विष यकृतावर आघात करते व घरगुती उकळीने नष्ट होत नाही. तेव्हा कडवट, सुरकुतलेला, रंग बदललेला दाणा शिजवून ‘शुद्ध’ होईल या भ्रमात राहू नये. ओलसर जागी ठेवलेल्या जुन्या पोत्यातला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक सूचना. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांना वेष्टनावरील घटक वाचून दाखवावेत, अथवा खडा हिंग द्यावा.

उकडलेल्या शेंगा त्याच दिवशी संपवाव्यात. उरल्याच तर पाणी निथळून शीतकपाटात ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवून खाव्यात. बुळबुळीत लागल्या किंवा आंबूस वास आला तर टाकून द्याव्यात.