नोकरी सांभाळून पलटणीत

दिव्याहून पनवेलकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नावडे रोड नावाचे एक लहानसे स्थानक आहे. तेथे उतरणारा प्रवासी बहुधा तळोज्याच्या कारखान्यांत कामास जाणारा असतो, नाही तर सिडकोच्या नव्या वसाहतीत घर पाहावयास आलेला. २०२५ च्या पावसाळ्यात मी तेथे उतरलो तो मात्र भाच्याच्या संसारातील एक पेच ऐकून घेण्यासाठी. भाचा तळोज्यातील एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि त्याच वेळी प्रादेशिक सेनेत कॅप्टनही आहे. कारखान्याने त्यास विभागप्रमुखाची जागा देऊ केली होती. अट तोंडी होती, कागदावर नव्हती. यापुढे वर्षातून दोन महिने गैरहजर राहणे चालणार नाही, असे वरिष्ठांनी हसत हसत सुचविले होते. इकडे पलटणीत मेजरचा हुद्दा दृष्टीच्या टप्प्यात आलेला.

प्रादेशिक सेनेचे नाव निघताच लोकांस क्रिकेटपटू आठवतात. परंतु कपिल देव यांस २००८ साली आणि महेंद्रसिंग धोनी यांस २०११ साली मिळालेला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा सन्मानार्थ होता. सामान्य माणसाची वाट निराळी आहे. राजकारणात असलेले सचिन पायलट २०१२ साली या सेनेत शिरले ते निवडीच्या पायऱ्या चढून, आणि लेफ्टनंट म्हणून. उमेदवार पदवीधर, अठरा ते बेचाळीस वर्षे वयाचा, प्रकृतीने धडधाकट आणि, हे विशेष, दुसरीकडे कमावता असावा लागतो. म्हणजे बेकारास येथे थारा नाही. लष्कराला पोट भरण्यासाठी आलेला माणूस नको आहे. लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत, मग निवड मंडळापुढील कसोटी व वैद्यकीय तपासणी, इतके पार पडले म्हणजे कमिशन हाती येते. पहिल्या वर्षी महिन्याचे प्राथमिक शिक्षण, पहिल्या दोन वर्षांत केव्हा तरी देहरादूनच्या लष्करी अकादमीत तीन महिने, आणि दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी आहे असे नव्हे. १९२० च्या कायद्याने 'इंडियन टेरिटोरियल फोर्स' उभी राहिली. गोऱ्यांसाठी व अँग्लो-इंडियनांसाठी मात्र 'ऑक्झिलरी फोर्स' वेगळी ठेवण्यात आली. तरीही ज्या जातींना सरकारदरबारी लढवय्या म्हणून मान्यता नव्हती, त्यांतील मुलांच्या हाती बंदूक आली ती बरीचशी कॉलेजांतील ट्रेनिंग कोअरमुळेच. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली नवा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते आजच्या सेनेचे उद्घाटन झाले. १९६२, १९६५ व १९७१ या तिन्ही युद्धांत तिला पाचारण झाले. पुण्याची १०१ वी आणि कोल्हापूरची १०९ वी या मराठा पलटणी तिच्याच. 'सावधानी व शूरता' हे तिचे ब्रीद.

आता बढतीचे. लेफ्टनंटपासून लेफ्टनंट कर्नलपर्यंतच्या पायऱ्या सेवेच्या कालावधीनुसार, पण ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यावर चढता येतात. कर्नल व ब्रिगेडियर हे हुद्दे निवडीने मिळतात. ऐकावयास हे सोपे वाटते. भाच्याने मला त्याची खरी गोम सांगितली ती रात्री जेवणे आटोपल्यावर, गॅलरीत बसून. खाली मालमोटारींची रीघ चालू होती आणि वाऱ्यावर रसायनांचा दर्प येत होता.

"मामा, कारखान्यात मी झोपलो तरी वर्ष भरते. पलटणीत तसे नाही. शिबिराला गेलो नाही तर कॅलेंडर पुढे जाते, मी जागच्या जागी राहतो."

पुन्हा वेतन मिळते ते शिबिरापुरते अथवा प्रत्यक्ष सेवेत बोलावले तर तेवढ्या काळापुरते. निवृत्तिवेतनाची हमी नाही. ते प्रत्यक्ष सेवेच्या वर्षांवर अवलंबून. सारांश, हुद्दा पलटणीत वाढतो आणि त्याची किंमत कारखान्यात व घरात मोजावी लागते. सेवेस बोलावलेल्या माणसाला परत कामावर घेणे मालकास कायद्याने बंधनकारक आहे, हे खरे; न घेतल्यास सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यावी लागते. परंतु कायदा जुनी खुर्ची परत देववितो, मोठी खुर्ची देववीत नाही.

मी हिशेबी माणूस. कागद घेतला आणि घराच्या कर्जाचे हप्ते, मुलाची फी, विभागप्रमुखाचा वाढीव पगार असे एकाखाली एक मांडले. उत्तर उघड होते, आणि मी ते बोलूनही दाखविले. भाचा गप्प राहिला. सूनबाई शिक्षिका आहेत, त्यांनी वह्या तपासता तपासता विचारले, "मामा, यात गेल्या मे महिन्याचा आकडा कोठे आहे?"

मला अर्थ कळेना. मग त्यांनीच सांगितले. २०२५ च्या मे महिन्यात, सीमेवर तणाव असताना, प्रादेशिक सेनेतील लोकांस बोलावण्याचा अधिकार केंद्र सरकारने लष्करप्रमुखांस दिला. बत्तीस पायदळ पलटणींपैकी चौदांना प्रत्यक्ष सेवेत घेण्याची तरतूद त्यात होती. ती बातमी आली त्या रात्री भाच्याने कोणास न सांगता ट्रंक भरून ठेवली होती. बोलावणे आले नाही. पण ट्रंक पंधरा दिवस दारामागे होती, आणि त्या दिवसांत हा माणूस कारखान्यातूनही वेळेवर येत होता व मुलाला गणितही शिकवीत होता. "मेजर होण्यासाठी जात असते तर मीच अडवले असते," त्या म्हणाल्या. "शिबिरात शेतकरी असतात, ड्रायव्हर असतात, कारकून असतात. सगळे दोन महिन्यांच्या मजुरीवर पाणी सोडून येतात. साहेबच आले नाहीत तर ते काय समजतील, एवढीच ह्यांना काळजी."

थोड्या वेळाने त्याच हसून म्हणाल्या, "नाही तर मीच अर्ज करते, ह्यांनी घर सांभाळावे." थट्टाच होती, पण अशक्य मात्र नाही. शिल्पी गर्गमुख २०१६ साली या सेनेत अधिकारी झाल्या आणि २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्त्रियांनाही या सेनेत प्रवेश असल्याचा निर्णय दिला. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

माझा कागद मी घडी करून खिशात ठेवला. आकडे चुकले नव्हते, म्हणून तो फाडण्याचे कारणही नव्हते. सल्ला विचारला तेव्हा इतकेच सांगितले की, अट लेखी मागावी. भाच्याने तशी ती मागितली. लेखी उत्तर आले नाही. महिन्याभराने विभागप्रमुखाची जागा दुसऱ्या एका गृहस्थांस मिळाली. हप्त्यांसाठी सूनबाईंनी संध्याकाळच्या दोन शिकवण्या धरल्या आहेत. नोव्हेंबरात भाचा शिबिरास निघाला, तेव्हा नावडे रोडच्या फलाटावर ट्रंक उचलावयास त्याचा मुलगा आणि मी, असे दोघेच होतो. ती पूर्वीपेक्षा जड लागली. आत सूनबाईंनी लाडवांचा डबा घातला होता, पलटणीतील साऱ्यांना पुरेल इतका.